बत्तीसशे बादल्यांचं एक युनिट

शाळेत विज्ञानाचं साहित्य कुठे आहे असं विचारलं, की आधी किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी सुरू होते. किल्ली ज्या सरांकडे असते ते निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात, नाहीतर ज्या बाईंकडे असते त्या नेमक्या रजेवर. कपाट उघडलं की आत सगळं जागच्या जागी. लोलक वर्तमानपत्रात गुंडाळलेले, अ‍ॅमीटर मूळच्या खोक्यात, जोडणीच्या तारांचं बंडल कंपनीतून आलं तसंच रबराने बांधलेलं. इतकी टापटीप असली की ओळखावं, इथे कुणी हात लावलेला नाही.

याला लोक शिक्षकांचा आळस म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. शाळेत डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक वही असते. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तिच्यात चढते आणि चढलेली वस्तू उतरवायची म्हणजे निर्लेखन, त्याचा ठराव, त्यावर सह्या. बदली झाली की चार्ज देताना वस्तू मोजून द्यायच्या. दोनशे रुपयांचा मल्टिमीटर मुलांच्या हातून पडला तर दोनशे रुपयांचं कुणाला काही नसतं, पण त्याचा कागद कोण रंगवणार? त्यापेक्षा कुलूप बरं. आकृती फळ्यावर काढता येते आणि फळ्यावरचा मल्टिमीटर कधी फुटत नाही.

शिरूर-दौंडकडच्या शाळांत मी ऊर्जाशिक्षणाच्या कार्यशाळा घेते, एक दिवस शिक्षकांची आणि पुढे त्याच शिक्षकांबरोबर मुलांची. पहिला तास मोडतोडीचा ठेवलाय तो या वहीमुळेच. गोणीभर भंगार घेऊन जाते: गेलेले एलईडी बल्ब, चार्जर, जळालेल्या मिक्सरची मोटर, बंद इस्त्री. यातलं काहीही कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही आणि काहीही परत जोडायचं नाही, एवढंच आधी सांगते. पाच मिनिटं सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर उचलतं आणि त्यानंतर चहा आला तरी कुणी मान वर करत नाही.

एलईडी बल्बचं पांढरं टोपण जरा पिरगळलं की निघतं. आत अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर पिवळ्या टिकल्या. गेलेल्या बल्बात बहुतेक वेळा एखाद्याच टिकलीवर सुईच्या टोकाएवढा काळा डाग असतो. बाकीच्या टिकल्या धडधाकट, तरी बल्ब काळोखा. गणित-विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी चकती डोळ्यांजवळ धरली, डाग शोधला आणि म्हणाल्या, “म्हणजे ही एकसर जोडणी आहे!” एकसर आणि समांतर जोडणी त्या कित्येक वर्षं नववीला शिकवतात, सूत्रासकट, न अडखळता. पण घराघरात टांगलेल्या बल्बाच्या पोटात ती असते हे बघायची वेळ त्यांच्यावर कुणी आणलीच नव्हती. त्यांनी तो बल्ब रुमालात बांधून वर्गात दाखवायला नेला.

इथे एक गोष्ट मी फार कडकपणे पाळते. भिंतीतल्या २३० व्होल्टवर कुणीही प्रयोग करायचा नाही, ना मुलांनी, ना उत्साही सरांनी. उघडलेला बल्ब होल्डरला लावून बघायचा मोह सगळ्यांना होतो आणि त्याच्या आतल्या भागाला नुसतं बोट लागलं तरी झटका बसू शकतो. शिक्षकांना विजेची भीती वाटते ती रास्तच आहे. ती घालवायला मी जात नाही. हातातल्या वस्तूचं काही बिघडेल ही दुसरी भीती मात्र घालवावी लागते, आणि दोन्ही भीती वर्षानुवर्षं एकाच कपाटात कोंडलेल्या असल्यामुळे त्या वेगळ्या करायलाच निम्मा दिवस जातो.

मग पिवळ्या मोटरी निघतात. मुलांच्या रोबोटला लावतात त्या, प्लॅस्टिकच्या गिअरबॉक्सच्या, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. आसाला पुठ्ठ्याचा दांडा चिकटवायचा आणि फिरवायचा. दोन तारांना एलईडी जोडला तर तो लागतो. उलटं फिरवलं तर लागत नाही, यावरून पहिला वाद सुरू होतो. पण खरी गंमत पुढे आहे. एलईडी काढून दोन्ही तारांची टोकं एकमेकांना टेकवायची आणि पुन्हा फिरवायचं.

“मॅडम, ही आता लई जड लागतीया,” असं सातवीतला पोरगा म्हणतो तेव्हा मी काहीच बोलत नाही. तारा सोडायच्या, हलकी. जोडायच्या, जड. तो पाच-सहा वेळा करून बघतो आणि शेजाऱ्याच्या हातात देतो. वीज ‘तयार’ होते म्हणजे कुणाच्या तरी हातातून ती जाते, हे त्याला मनगटात कळलेलं असतं. मोठ्यांना हे जरा अवघड जातं, कारण त्यांना नियमाचं नाव आठवतं आणि नाव आठवलं की हात थांबतो.

दुपारनंतर आम्ही मीटरजवळ जातो. पूर्वीच्या मीटरमध्ये चकती फिरायची, त्यावरून ‘मीटर पळतंय’ म्हणायची सवय लागली. आताच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि असलं तर ते मीटर चालू असल्याची खूण आहे एवढंच वाटतं. पाटीवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच घरगुती मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर १६००. दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घड्याळ हातात धरून मोजायला लागलं की एकेक उपकरण ओळखू यायला लागतं. ३२०० च्या मीटरवर नऊ वॉटचा एकच बल्ब चालू असेल तर दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटांहून जास्त वेळ जातो, मुलं कंटाळतात. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा लावला की दर पंधरा सेकंदांना एक. आणि पाणी तापवायचा दीड हजार वॉटचा रॉड लावला तर मिनिटाला ऐंशी, मोजताना जीभ अडखळते.

एक युनिट म्हणजे छत्तीस लाख जूल. त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५ जूल येतात. इथवरचं गणित फळ्यावर कुणीही करतं आणि इथवर ते कुणाच्याही डोक्यात शिरत नाही. म्हणून पुढचा भाग विहिरीवर करायचा. दहा लिटरची बादली भरून घ्यायची. दहा किलो पाणी वर ओढायचं तर ११२५ जूल किती उंचीला पुरतात? साडेअकरा मीटर, म्हणजे अडतीस फूट. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या मापात सहा परसांच्या आसपास. बादली आणि दोराचं वजन सोडून दिलं तर मीटरवरची एक लुकलुक म्हणजे सहा परस विहिरीतून ओढलेली एक बादली.

रहाट असलेली विहीर आता सगळीकडे सापडत नाही, पण एका शाळेमागे होती. कठड्यावरून पालकांच्या देखरेखीखाली मुलांनी आळीपाळीने बादल्या ओढल्या. दहाव्या बादलीला हात लाल झाले, विसाव्याला रांगेतली मुलं मागच्या मागे सटकायला लागली. वर्गात परत आल्यावर आठवीतल्या मुलीने विचारलं, “म्हणजे एका युनिटला बत्तीसशे बादल्या?” तोंडाने हिशेब करून ती पुढे म्हणाली, रॉड लावला की मिनिटाला ऐंशी बादल्या. मग वर्गभर घरातल्या एकेका उपकरणाच्या बादल्या निघाल्या.

तिथेच एका सरांनी अडवलं. ते म्हणाले, आंघोळीच्या बादलीला लावा हा हिशेब. लावला. पंधरा लिटर पाणी, वीस अंशांनी तापवायचं. साडेबारा लाख जूल, सुमारे ०.३५ युनिट. म्हणजे अकराशेच्या वर लुकलुकी. सरांनी खडू घेतला आणि स्वतः पुन्हा मांडलं, कारण त्यांचा विश्वास बसेना. एक बादली पाणी अंगावर घेण्याइतकं गरम करायला जी ऊर्जा लागते, तिच्यात अकराशे बादल्या विहिरीच्या बाहेर येतात. उत्तर तेच आलं. सर खडू हातात धरून बराच वेळ फळ्याकडे पाहत होते.

जेम्स जूलने १८४० च्या दशकात हेच उलट बाजूने केलं होतं. वजनं खाली सोडायची, त्यांच्या ओढीने पाण्यातली पाती फिरवायची आणि पाणी किती तापतं ते मोजायचं. वजनं पुन्हा पुन्हा वर नेऊन सोडली तरी तापमान एका अंशानेही वाढेना. त्याच्या थर्मामीटरची अचूकता आणि त्याची चिकाटी दोन्हींचं कौतुक पुस्तकांत वाचलेलं असतं. पण पाणी इतकं कमी का तापलं, याचं उत्तर त्या दुपारी शाळेच्या फळ्यावर होतं. पाणी उचलणं स्वस्त आहे, तापवणं महाग. स्वयंपाकघरातलं आणि न्हाणीघरातलं अर्धं ऊर्जाशास्त्र या एका वाक्यात बसतं, आणि नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात लागणारी सगळी सूत्रं असूनही हे वाक्य कुणाच्या हाती लागत नाही.

त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “मग मॅडम, ठिबकच्या नळीतलं पाणी फुकटच तापतं की!” दुपारी ठिबक सुरू केलं की काळ्या नळीतलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं गरम येतं, हे त्या वर्गातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला माहीत होतं. मला सौर बंबाची आकृती दाखवायची होती, तीच मी पिशवीत ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी छपरावर ठिबकच्या टाकाऊ नळीचं वेटोळं घालून तापमानं घेतली.

शेतातल्या विजेबद्दल ही मुलं माझ्यापेक्षा जास्त जाणतात. डीपी (म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर) जळाली, एक फेज गेला, वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावून ठेवला, विजेची पाळी या आठवड्यात रात्रीची आहे, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतं. पुस्तकातल्या विजेचा आणि या विजेचा काही संबंध आहे हे मात्र कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. पाच एचपीची मोटर म्हणजे पाच गुणिले ७४६, सुमारे ३७३० वॉट. आठ तासांच्या एका पाळीत तीस युनिट. पुष्कळशा शेतीपंपांना मीटर नाही, आकारणी एचपीवर, आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत. त्यामुळे हा आकडा कुणाच्या घरात कधी उच्चारलाच जात नाही. एका मुलाने घरचं बिल आणलं होतं, महिन्याला ५२ युनिट. त्याने दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि विचारलं, “म्हंजी दोन पाळ्यांत आमच्या घरचा महिना उडतो?” हो. आणि २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा पाणी देण्यासाठी जी सौर केंद्रं उभी राहू लागली, ती कशाला हवीत हे मग वेगळं समजवावं लागत नाही. रात्री बाराला बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन बापाबरोबर मोटर चालू करायला गेलेल्या मुलाला तर नाहीच.

याच कारणामुळे मला ‘वीज वाचवा’ची चित्रकला स्पर्धा फारशी आवडत नाही. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या आठवड्यात पृथ्वीच्या डोळ्यांतून पाणी, तिच्या कपाळावर थर्मामीटर, नळासारखं गळणारं बटण अशी चित्रं शाळाशाळांतून निघतात. ज्या घरात दोन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही आहे, त्या घरातल्या मुलीने वाचवायचं तरी काय? एका शाळेत हीच चित्रं भिंतीवर होती आणि त्या शाळेचीच जोडणी थकलेल्या बिलापायी कापलेली होती. तिथे आम्ही मीटरचा प्रयोग गावातल्या किराणा दुकानात जाऊन केला. वाचवायला सांगण्याआधी मोजायला शिकवावं असं माझं ठाम मत आहे. मोजल्यावर कुठे वाचवायचं ते ज्याचं तो ठरवेल, आणि आपल्या घरात वाचवण्यासारखं काही नाही असं कुणी ठरवलं तर तेही ठीकच आहे.

मोजण्यातून कधी कधी मजा होते. घरातली सगळी बटणं बंद करून रात्री मीटर बघा, एवढा गृहपाठ दिला होता. एकीच्या घरी सगळं बंद असूनही साधारण सव्वादोन मिनिटांनी दिवा लुकलुकत होता. तिने गणित करून आठ वॉट काढले आणि भावाला घेऊन घरभर हिंडली. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद होत होता, बॉक्स कधीच नाही. महिन्याला जवळपास सहा युनिट. तिच्या आजोबांचं म्हणणं पडलं की बॉक्स बंद केला तर सकाळच्या कीर्तनाला चॅनेल यायला वेळ लागतो, म्हणून तो चालूच राहिला. पण सहा युनिट कुठे जातात ते आता त्या घराला माहीत आहे.

हे सगळं काही मी शोधून काढलेलं नाही. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस दुष्काळी गावात आला, कारण हाताने काम करता करता शिकणं ही शिकण्याची स्वाभाविक रीत आहे असं त्यांचं म्हणणं होतं. तिथून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम निघाला. मुलांनी आठवड्यातला एक दिवस काम करायचं: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. शिकवायला गावातलेच कसबी लोक, आणि शिकलेलं गावात सेवा म्हणून द्यायचं. वायरिंग शिकलेल्या मुलाने कुणाच्या तरी खऱ्या घरात वायर ओढायची, वहीत आकृती काढून मोकळं व्हायचं नाही. यातला मला सर्वांत धाडसी वाटतो तो पैशांचा भाग. काम बरोबर झालं तर गिऱ्हाईक पैसे देतं, चुकलं तर परत बोलावतं. परीक्षकाला इतकी खडूस गुणपद्धती सुचणार नाही.

आयआयटी मुंबईच्या सौरदिव्यांच्या कामातही मला हाच धागा दिसतो. तिथल्या उपक्रमात दिवे कारखान्यातून तयार येत नव्हते. गावातल्या लोकांना प्रशिक्षण देऊन ते तिथेच जोडले जात, आणि बिघडले तर दुरुस्तही तिथेच होत. पुढे २०१८ आणि २०१९ च्या गांधीजयंतीला विद्यार्थ्यांकडून दिवे जोडून घेण्याचे मोठे कार्यक्रम झाले, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला स्वतःला दिवा जोडण्यापेक्षा दिवा दुरुस्त करणं जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळाशाळांच्या गच्चीवर कुणीतरी दिलेली सौर पॅनेलं आहेत, आणि खाली इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे, कारण तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं हे उद्घाटनाच्या दिवशी कुणी सांगितलं नाही. नारळ फोडणारे खूप असतात. आमच्या कार्यशाळेत आता पॅनेल पुसणं आणि बॅटरीतलं पाणी तपासणं याचा वेगळा तास असतो. त्यात फोटो काढण्यासारखं काहीच नसतं.

फोटोंवरून आठवलं. शिक्षकांची प्रशिक्षणं म्हटलं की शिक्षकांच्या कपाळावर आठी पडते, आणि का पडू नये? हजेरी, स्वागत, प्रोजेक्टरवर पन्नास स्लाइड, जेवण, अभिप्रायाचा ऑनलाइन फॉर्म. दिवसभर ऐकून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी वर्गात तेच करणार, ऐकवणार. मी केंद्रप्रमुखांना एवढीच विनंती करते की एका वेळी वीसच्या वर शिक्षक नकोत आणि महिन्याभरात मला त्यांच्या शाळेत एकदा येऊ द्या. पहिली मागणी सहसा मान्य होते. दुसरीवर घासाघीस करावी लागते, पण खरं काम दुसऱ्या भेटीतच होतं. तेव्हा मी काही शिकवत नाही, मागच्या बाकावर बसते. बाई मोटर फिरवायला देतात, एलईडी लागत नाही, वर्ग त्यांच्याकडे बघतो, त्या माझ्याकडे बघतात आणि मी खिडकीबाहेर बघते. मग कुणीतरी मूल तारा उलट करतं.

गेल्या महिन्यात अशाच एका भेटीत वर्गातल्या मुलाने विचारलं, मीटरच चुकीचा असेल तर? बिल जास्त येतं अशी तक्रार गावात घरोघरी असते आणि त्यावर भांडण होतं, मोजमाप होत नाही. बाईंनी प्रश्न टाळला नाही. म्हणाल्या, ठरावीक वॉटचा एकच बल्ब लावू आणि मोजू. शंभर वॉटच्या बल्बाला दहा लुकलुकी ११२ सेकंदांत यायला हव्यात. दोन घरांत करून बघितलं, दोन्हीकडे वेळ जास्त लागला. मीटर सावकाश पळतंय म्हणून त्या घरांत आनंदीआनंद. मग बाईंच्या लक्षात आलं की संध्याकाळी सगळ्या गावाचा लोड आल्यावर व्होल्टेज १९० वर येतं आणि तेवढ्यावर शंभरचा बल्ब शंभर वॉट घेतच नाही. म्हणजे प्रत्येक वेळी व्होल्टेजही मोजायला हवं आणि ते मोठ्या माणसानेच.

तेव्हा आता सकाळी, संध्याकाळी आणि मध्यरात्री अशी तीन वेळची व्होल्टेजं सात घरांतून घ्यायचं ठरलंय. अडचण बल्बची आहे. एलईडी बल्ब पाटीवर लिहिलेले वॉट घेतोच असं नाही, म्हणून या कामाला तारेचे जुने पिवळे बल्बच लागतात, आणि गावातल्या दुकानात ते आता मिळत नाहीत. मुलं माळ्यावरून, गोठ्यातून जमेल तिथून शोधतायत, पण बहुतेक सापडतात ते साठचे आणि चाळीसचे. पोल्ट्रीवाल्याकडे मात्र पिल्लांना ऊब द्यायला दोनशे वॉटचे असतात. त्यातला एक उसना मिळतोय. व्होल्टेज पूर्ण असेल तर त्यावर दर साडेपाच-पावणेसहा सेकंदांना एक लुकलुक यायला हवी.